दोन घास आधी, ताट नंतर

मिरज गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे : तंतुवाद्ये आणि दवाखाने. आमच्या कुटुंबात या दोन्ही नांदल्या. माझे मामा पन्नास वर्षांहून अधिक काळ संवादिनीची साथ करीत आले आहेत आणि मी याच गावात सव्वीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करीत आहे. एरवी आमच्या भेटी ठरावीक असत. परदेश दौऱ्यावरून परतले की मामा रक्तदाब तपासून घ्यायला दवाखान्यात येत, जाताना चॉकलेटचा एखादा डबा टेबलावर ठेवीत आणि म्हणत, "पेशंटांना वाटू नकोस, तू खा."

२०२२च्या डिसेंबरात मामी गेल्या. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत मामांचे वजन ६४ किलोंवरून ५८वर आले. आम्ही सर्व तपासण्या केल्या. थायरॉइड, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, सगळे व्यवस्थित. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी ६.२ आली, तेव्हा बंगळूरुला असलेल्या त्यांच्या मुलाने फोनवरून वडिलांचे अभिनंदन केले. मीही केले. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या ७६ वर्षांच्या, वजन घटत चाललेल्या माणसाचा हा आकडा इतका सुरेख का, असा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. तो पडला पुढे, परदेशातल्या एका ग्रीनरूममध्ये.

ज्या गायिकेला मामा तीस वर्षे साथ करीत होते, त्यांचा ऑक्टोबर २०२३मध्ये युरोप दौरा ठरला. तीन आठवडे, पाच कार्यक्रम. मुलाचा आणि सुनेचा विरोध होता. मामा एवढेच म्हणाले, "घरात पेटी उघडवत नाही आताशा. तिथे उघडावी लागेल." मग मीच दवाखाना सहकाऱ्याकडे सोपवला आणि बरोबर निघाले. माझ्या पिशवीत ग्लुकोमीटर, रक्तदाबाचे यंत्र, औषधांच्या चिठ्ठ्या आणि मी स्वतः तयार केलेला आहाराचा तक्ता होता. त्या तक्त्याचा मला अभिमान होता, हे आधीच कबूल करते.

आकाशातले पहिले ताट

मुंबईहून लंडनला पोहोचायला दहा तासांच्या आसपास लागतात. मी मामांसाठी मधुमेहींचे जेवण आधीच नोंदवले होते. ते आले, पण विमानाच्या वेळेला; मामांच्या पोटाच्या वेळेला नव्हे. मामांनी दोन घास खाऊन ताट बाजूला सारले. "याला चवच नाही," असे ते म्हणाले, त्यात त्यांचा हट्ट नव्हता. विमानाच्या केबिनमध्ये हवा अतिशय कोरडी असते आणि दाब उंच डोंगरावर असावा तसा कमी असतो. अशा हवेत गोड आणि खारट चव मंदावते. वयाबरोबर जिभेची आणि नाकाची शक्ती आधीच कमी झालेली असते, त्यात ही भर. अशा वेळी मिठाची पुडी फोडण्याचा मोह होतो. रक्तदाब असलेल्यांनी तो टाळावा. लिंबाची फोड किंवा मिरपूड मागून घ्यावी.

तहानेचेही तसेच. उतारवयात शरीराला पाणी हवे असते, पण तहान लागल्याचे कळत नाही. मी दर तासाला मामांपुढे अर्धा पेला पाणी धरीत होते. न्याहारीला ग्रेपफ्रूटचा रस आला, तो मात्र मी परत पाठवला. पपनसाच्या कुळातले हे फळ कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचे रक्तातले प्रमाण वाढवते आणि त्यांपैकी एक गोळी मामा घेत होते. मामांनी माझ्याकडे पाहिले आणि शेजारी बसलेल्या तबलजींना म्हणाले, "आपल्याबरोबर जकात नाका आला आहे बरं का."

लंडन आणि लेस्टर : माझ्या तक्त्याचे राज्य

लंडनमध्ये यूस्टन स्थानकाच्या मागे ड्रमंड स्ट्रीट नावाची छोटी गल्ली आहे. भारतीय शाकाहारी उपाहारगृहांसाठी ती अनेक दशकांपासून परिचित आहे. भेळ, डोसा, थाळी, मिठाईची दुकाने, सगळे एका रांगेत. मामा मोहरून गेले. मी त्यांच्यासाठी इडली आणि सांबार मागवले. चटणीत मीठ असेल, भेळेत शेव असेल, असे मनातल्या मनात हिशेब केले. ते निमूट खाऊन उठले.

त्या रात्रीचा कार्यक्रम साडेसातला सुरू होऊन दहाला संपला. श्रोत्यांच्या भेटीगाठी, वाद्यांची बांधाबांध, टॅक्सी. हॉटेलवर पोहोचायला अकरा वाजून गेले. स्वयंपाकघर बंद झाले होते. मामांनी खोलीतल्या चहाच्या ट्रेमधली दोन बिस्किटे खाल्ली आणि झोपले. दौऱ्यावरच्या कलावंताची ही जगभरची अडचण आहे. गाव जेवायला बसते तेव्हा तो मंचावर असतो आणि तो मोकळा होतो तेव्हा गावाच्या चुली विझलेल्या असतात. मला ती त्या रात्री दिसली, पण तिचे महत्त्व कळले नाही. माझ्या तक्त्यात रात्रीच्या जेवणापुढे 'आठ वाजता' असे लिहिलेले होते.

लेस्टरला आम्ही १५ ऑक्टोबरला पोहोचलो, घटस्थापनेच्या दिवशी. बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, दागिन्यांची आणि फरसाणाची दुकाने ओळीने उभी आहेत. १९७२मध्ये युगांडातून हाकलले गेलेले अनेक गुजराती या शहरात येऊन स्थिरावले आणि त्यांनी हा रस्ता उभा केला. एका यजमानांच्या घरी फराळी थाळी वाढली होती : राजगिऱ्याची पुरी, सुकी भाजी, साबुदाण्याची खिचडी, श्रीखंड. मी मामांच्या ताटातून श्रीखंडाची वाटी उचलली, पुऱ्यांतली एक काढली, खिचडी निम्मी केली. यजमानीणबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मामा हसून म्हणाले, "आमची डॉक्टरीण आहे." पुढे ते फारसे जेवले नाहीत. मी त्यांचे ताट हलके केले होते. आणि बरोबरच त्यांना पंक्तीतून उठवले होते, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

डेन हाग : चूक माझी होती

नेदरलँड्समधले डेन हाग हे शहर आपण आंतरराष्ट्रीय न्यायालयामुळे ओळखतो. तिथे मोठ्या संख्येने हिंदुस्तानी राहतात, हे मला ठाऊक नव्हते. १८७३मध्ये 'लाला रुख' नावाचे जहाज कोलकात्याहून मजूर घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत गेले. त्यानंतर अशी अनेक जहाजे गेली. १९७५मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाले, त्या सुमारास या मजुरांची नातवंडे-पतवंडे नेदरलँड्सला आली. त्यांची सरनामी बोली भोजपुरी-अवधीच्या पोटातली आहे. त्यांच्या 'बैठक गाना' या गानप्रकारात ढोलक असतो, धंताल नावाची लोखंडी कांब असते आणि पेटी असते. पेटी म्हटल्यावर मामांची कळी खुलली.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी पाचला आम्ही अशाच एका कुटुंबाकडे होतो. घरातल्या वृद्ध आजींनी गरम बारा तळून आणल्या. उडदाच्या पिठात अळूची पाने आणि जिरे घालून केलेला हा वडा. मामांनी अळूची चव लगेच ओळखली आणि आजींना मोडक्या हिंदीत अळूवडीची कृती सांगू लागले. मी त्यांच्या बशीकडे पाहिले. तळलेले, उशिराचे, तक्त्यात न बसणारे. मी म्हणाले, "मामा, साडेसहाला जेवण आहे. आता नको." त्यांनी हातातली बारा बशीत ठेवली.

डच लोक संध्याकाळी सहाच्या सुमारास जेवतात. आयोजकांनी साडेसहाला जेवण सांगितले होते, म्हणून मी सहा वाजता मामांना संध्याकाळची ग्लिमेपिराइडची गोळी दिली. त्यानंतर ध्वनियंत्रणेत बिघाड निघाला. साउंड चेक लांबला. साडेसहाचे सात झाले, सातचे साडेसात. जेवणाची पाकिटे ग्रीनरूमच्या कोपऱ्यात तशीच पडून राहिली.

पावणेआठला मामा पेटी पुसत बसले होते. एकच पट्टी ते पुन्हा पुन्हा पुसत होते. तबलजींनी काही विचारले, तर त्यांच्यावर खेकसले. मामा कुणावर खेकसत नाहीत. मला वाटले, कार्यक्रमाचा ताण असेल. मग कपाळावरचा घाम दिसला. बाहेर दहा-बारा अंशांची थंडी आणि कपाळावर घामाचे थेंब. मी ग्लुकोमीटर काढला. साखर ५४.

वाचकहो, ७०च्या खाली गेलेली साखर ही धोक्याची घंटा असते. मामांना रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर वर्गातली गोळी चालू होती. ही गोळी घेणाऱ्यांना साखर उतरल्यावरची धडधड आणि हाताची थरथर जाणवेलच असे नाही. घाम मात्र येतो. वृद्धांत तर नुसता चिडचिडेपणा, गोंधळ किंवा एकच कृती पुन्हा पुन्हा करणे एवढेच लक्षण असू शकते. घरातली माणसे 'वयामुळे होतंय' म्हणून ते सोडून देतात. मी डॉक्टर असून पहिली दहा मिनिटे तेच केले.

मी त्यांना १५० मिलीलिटर संत्र्याचा रस दिला. पंधरा मिनिटांनी साखर ७८ झाली. मग केळे आणि ब्रेडचे दोन तुकडे दिले. कारण या गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि एकदा वर आलेली साखर पुन्हा उतरू शकते. कार्यक्रम पंचवीस मिनिटे उशिरा सुरू झाला. मध्यंतरात मी पुन्हा तपासले, १२६. मामा पूर्ण वेळ बसले आणि चांगले वाजवले. मी मात्र पहिल्या रांगेत बसून सबंध वेळ त्यांच्या बोटांकडे पाहत होते.

चूक गोळीची नव्हती, आयोजकांचीही नव्हती. मी घड्याळ पाहून गोळी दिली आणि तक्ता पाहून घास काढून घेतला. ती एक बारा त्यांनी खाल्ली असती, तर तेलाचे चार थेंब जास्त गेले असते, इतकेच. त्याच रात्री ६.२ या आकड्याचाही उलगडा झाला. मिरजेच्या घरात मामा गोळी नियमाने घेत होते, कारण डबीवर वार लिहिलेले होते. जेवत मात्र नव्हते, कारण समोर कुणी बसलेले नव्हते. तो सुरेख आकडा उपाशी राहण्याचा होता.

सकाळी मी मिरजेतल्या त्यांच्या मधुमेहतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी संध्याकाळची गोळी दौऱ्यापुरती बंद केली. उपाशीपोटीची साखर थोडी वर राहिली तरी या वयात चालेल, एकदम उतरलेली चालणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

आगगाडीतली शिकवणी

रॉटरडॅमहून पॅरिसला जलद गाडीने तीन तासांच्या आत पोहोचता येते. खिडकीबाहेर सपाट, ओली शेते पळत होती. मी तक्ता घडी करून पिशवीत ठेवला आणि मामांना विचारले, "इतकी वर्षं तुम्ही दौऱ्यावर जेवत कसे होतात?"

"कधी विचारलं नाहीस," मामा म्हणाले आणि मग थांबलेच नाहीत.

१९८७मध्ये सोव्हिएत संघात भारत महोत्सव झाला, तेव्हा ते मॉस्कोला गेले होते. शाकाहारी म्हटल्यावर तिथल्या स्वयंपाकघरात गोंधळ उडे. काळा पाव, कोबीचे सूप आणि शिजवलेला कुट्टू. कुट्टू म्हणजे उत्तर भारतात उपवासाला चालणारे धान्य. बरोबरचे बनारसचे सारंगिये म्हणाले होते, "मामाजी, महिनाभर एकादशी आहे असं समजा." पुढच्या वर्षी जपान. तिथे भात मिळाला म्हणून आनंद झाला; पण रश्श्यात आणि डाळीसारख्या दिसणाऱ्या सूपमध्येही मासळीचे पाणी असते, हे कळल्यावर भात, समुद्रशैवाल आणि खारवलेले आंबट फळ यांवर दिवस काढले. "आमसूल मिठात मुरवावं तसं लागायचं," मामा म्हणाले. अमेरिकेत मराठी घरांतून मुक्काम असे. कार्यक्रम संपून घरी यायला मध्यरात्र होई आणि यजमानीण वरणाला फोडणी देऊन जागी असे.

"बारा गावचं पाणी प्यालो, पण आजारी असा क्वचित पडलो. आमच्या उस्तादांनी शिकवलं होतं. मैफलीच्या आधी दोन घास, मैफलीनंतर ताट. आणि ताटावर एकट्याने बसायचं नाही. साथीदार येईपर्यंत थांबायचं, मग तो तंबोऱ्यावरचा पोरगा का असेना."

"आणि आता?"

"आता हॉटेल असतं. दाराला पाकीट लावून ठेवतात. ज्याचा तो खातो." मग बराच वेळ बाहेर पाहून म्हणाले, "घरीही आता हॉटेलच आहे."

पॅरिसमधला दसरा

पॅरिसमध्ये आम्ही होतो तो दिवस २४ ऑक्टोबर, दसरा. हार्मोनियम हे वाद्य १८४०च्या दशकात याच शहरात अलेक्झांद्र देबँ यांनी पेटंट घेऊन नावारूपाला आणले. तिथले वाद्य पायाने भाता मारून वाजवायचे असे. पुढे कोलकात्यात त्याला हाताचा भाता लागला आणि ते आपल्या बैठकीत मांडी घालून बसले. मामांनी हॉटेलच्या खोलीत पेटीला झेंडूऐवजी पिवळे शेवंतीसारखे फूल वाहिले आणि म्हणाले, "माहेरी आली आज."

तिथे आम्ही उस्तादांचा नियम अमलात आणला. घरून मी मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, पातळ पोहे आणि भाजणी नेली होती. तूप आणि पेढे मागेच ठेवले होते; दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेण्यास मनाई आहे. खोलीतल्या किटलीतले गरम पाणी पोह्यांवर शिंपडले, चटणी आणि लिंबू घातले की पाच मिनिटांत दडपे पोहे तयार. कार्यक्रमाआधी तासभर मामा, तबलजी, गायिका आणि मी, चौघांनी एकाच भांड्यातून चार-चार चमचे खाल्ले.

कार्यक्रम साडेनऊला संपला. पॅरिसची उपाहारगृहे साधारण सातनंतर रात्रीची सुरू होतात, त्यामुळे त्या वेळी शहर नुकते जेवायला बसलेले असते. गार द्यू नॉर या स्थानकाच्या मागे ला शापेल नावाचा भाग आहे. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांची दुकाने आणि खानावळी तिथे आहेत. दहाच्या सुमारास तिथे गरम इडली, रसम आणि भात मिळाला. मी मामांच्या ताटाकडे पाहिले नाही. तबलजी नवीन लग्न झालेले. बायकोला व्हिडिओ कॉल लावून ते सगळ्यांना तिच्याशी बोलायला लावीत होते. मामांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला. सकाळी उपाशीपोटी साखर १४८. मी ती वहीत नोंदवली आणि वही मिटली.

ट्युबिंगेन : कोजागरी

शेवटचा कार्यक्रम जर्मनीतल्या ट्युबिंगेन या विद्यापीठाच्या जुन्या गावात, नेकार नदीच्या काठी. यजमानीण ऐंशीच्या घरातल्या, पती निवर्तलेले, मुले दूरच्या शहरांत. घरातल्या दिवाणखान्यात चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. २८ ऑक्टोबर, कोजागरी पौर्णिमा. त्या रात्री चंद्राला खंडग्रास ग्रहणही होते.

जर्मन घरांत रात्रीचे जेवण बहुधा थंड असते. त्याला ते 'संध्याकाळची भाकरी' अशा अर्थाचा शब्द वापरतात : लाकडी पाटावर राय या धान्याचा काळा पाव, लोणी, चीज, काकडी, मुळा, उकडलेले अंडे. पचायला बरे, करायला सोपे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना तर फारच सोयीचे. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. पाव, चीज आणि लोणची या तिन्हींत मीठ भरपूर असते. आणि पावाची कड कवळीला झेपत नाही. मामांनी कड काढून मधला भाग गरम सूपमध्ये बुडवला. उस्तादांच्या नियमाप्रमाणे सहा वाजता अर्धी चकती, नऊनंतर बाकीचे.

नऊनंतर पाहुणे गेले आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. मामांनी शेंगदाण्याच्या चटणीची डबी यजमानीणबाईंपुढे सरकवली. त्यांनी लोण्यावर चटणी भुरभुरून पाव खाल्ला, डोळे मिटले आणि डबी आपल्या बाजूलाच ठेवून घेतली. दोघांना समान भाषा नव्हती. त्यांनी भिंतीवरच्या पतीच्या छायाचित्राकडे बोट दाखवले. मामांनी पाकिटातला मामींचा फोटो काढला. मग दोघे बराच वेळ शांतपणे जेवले.

मिरजेला मामांच्या गच्चीवर कोजागरीची बैठक होत असे आणि दूध मामी आटवीत. त्या रात्री मी केशर, वेलदोडा आणि अगदी थोडी साखर घालून दूध गरम केले. ग्रहणात प्यावे की नाही, असा प्रश्न तबलजींनी काढला. मामा म्हणाले, "तिच्या हातचं नाही, म्हणजे तसंही ते वेगळंच आहे. घे." त्यांनी अर्धा कप घेतला. मी हिशेब केला, नाही असे नाही. रात्रीच्या पावाची एक चकती त्यांनी आपणहून कमी खाल्ली होती. खिडकीतून ढगांची ये-जा चालू होती आणि मधूनच एका कडेने झाकलेला चंद्र दिसत होता. त्याच रात्री युरोपातली घड्याळे एक तास मागे जाणार होती. गोळ्यांची वेळ कशी धरायची, असे मी मोठ्याने पुटपुटले. मामा म्हणाले, "भूक लागेल तेव्हा उठव."

परतल्यावर

मिरजेला आल्यावर वजन केले. ५८ किलो ३०० ग्रॅम. वर्षभरात पहिल्यांदाच ते उतरले नव्हते. मधुमेहतज्ज्ञांनी ग्लिमेपिराइड बंद करून साखर एकदम न उतरवणारी गोळी सुरू केली. आमच्या घरातल्या अनुभवातून, प्रवासात असोत वा घरी, ज्येष्ठांच्या बाबतीत मी आता सहा गोष्टी सांगते :

• मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन जेवणाशी जोडलेले असेल, तर ताट समोर आल्याशिवाय देऊ नका. जेवणाला उशीर होणार असेल तेव्हा काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवा. औषध स्वतःहून बदलू वा बंद करू नका.

• घाम, चिडचिड, गोंधळ, असंबद्ध बोलणे दिसले की आधी साखर तपासा. ७०च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर फळांचा रस किंवा तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि नंतर काही खायला द्या. चॉकलेटवर भिसता ठेवू नका. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही देऊ नका, तातडीने रुग्णालय गाठा.

• औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. सामानाच्या बॅगेत टाकू नका.

• जवळ नेहमी दोन घास असू द्या : केळे, खारी नसलेली बिस्किटे, चणे-शेंगदाणे, पोहे.

• वजन दर महिन्याला लिहून ठेवा. वजन उतरत असताना साखरेचा आकडा फार चांगला आला, तर आनंद मानण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

• ताटातला पदार्थ काढून घेण्याआधी, त्या ताटावर दुसरे कोण बसले आहे ते पाहा.

मामांकडे आता संध्याकाळी दोन विद्यार्थी पेटी शिकायला येतात. फी घेत नाहीत; अट एकच, आठ वाजता पान मांडायचे आणि जेवून जायचे. स्वयंपाकाच्या बाईंना पोळ्या वाढवून सांगितल्या आहेत. गुरुवारी माझा दवाखाना लवकर बंद होतो. तेव्हा साडेसातला फोन वाजतो आणि मामा विचारतात, "पिठलं टाकायला सांगितलंय. येतेस की आम्ही बसू?" मी म्हणते, "थांबा, आलेच," आणि ते थांबतात.